कागदावर एक वर्षाने लहान

त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही लिहायला बसले आहे, तेव्हा प्रथम क्षमा मागते. आजवर मी इतरांचेच लेखन तपासत आले. ‘विषय भरकटला’, ‘शेवट घाईत’ असे शेरे तांबड्या शाईने मारण्यात बारा वर्षे गेली, आणि त्या काळात आपणही काही लिहावे असे एकदाही वाटले नाही. ज्यांना लिहिता येते त्यांच्या पंगतीत पाट मांडण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. परंतु वर्गाच्या चार भिंतींबाहेर माझा आवाज फुटत नाही. नातेवाइकांत, दवाखान्यात, स्वतःच्या घरातसुद्धा. जे तोंडाने सांगायला हवे होते ते सांगता आले नाही, म्हणून कागद पुढे ओढला आहे. भाषा जड वाटली तर ती सवय समजावी, ऐट समजू नये.

आम्ही रावेतला राहतो. माझे पती चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्याच्या विभागात आहेत आणि मी सांगवीच्या एका शाळेत मराठी शिकवते. मूळचे आम्ही दोघेही मराठवाड्यातले. घरात सासूबाई आहेत आणि आमची एकुलती एक मुलगी. जे लिहिते आहे ते तिच्या उंचीविषयी आणि तिच्या वयाविषयी आहे.

तिचा जन्म पतीच्या गावी, वैशाखात, दिवस पूर्ण भरण्याआधी झाला. वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणून घरीच. जन्मली तेव्हा तिची पावले सुजलेली होती, बोटांनी दाबली तर खळगा पडावा इतकी. सुईण म्हणाली, “पाऊल बघा कसं भरीव हाय. अंगानं भरणार ही.” सगळ्यांना ते ऐकून बरे वाटले. सूज दोन-तीन महिन्यांत उतरली, आणि मुलगी काही भरली नाही. जन्माची नोंद करायची त्या धांदलीत राहून गेली. मला बी. एड.ची परीक्षा द्यायची होती, पतींची नोकरी नवी होती, चिंचवडला एका खोलीत आमचे बस्तान बसायचे होते. म्हणून मुलगी पहिली साडेपाच वर्षे बहुतेक गावीच, सासूबाईंपाशी राहिली. तिचे कान सारखे वाहत. त्या दुखण्यात तिचे बालवाडीचे वर्ष वाया गेले.

आम्ही तिला इकडे आणले आणि शाळेत नाव घालायला गेलो, तेव्हा कळले की छोट्या वर्गासाठी ती मोठी ठरते आणि पहिलीत बसवावी तर तिला पेन्सिलही नीट धरता येत नाही. जन्माचा दाखला तर काढलेलाच नव्हता. गावी मोठे दीर होते, त्यांची पंचायतीत ऊठबस होती. पतींनी त्यांना अडचण सांगितली. त्या दिवाळीत आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. मुलगी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी तिचे मनगट दोन बोटांच्या कडीत धरले आणि म्हणाले, “लेकरू बारीकच हाय. वरसानं कमी लिवलं तर कोण वळखतंय? उलट नोकरीला एक वरीस जास्त घावंल.”

“तारीख कोणती टाकायची?” पतींनी विचारले.

“टाक की एक जून. तुपली एक जून, मपली एक जून, आबांची एक जून. आपल्या घरात पीकच त्या तारखेचं.”

सगळे हसले. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजाने एक जून लिहून टाकायचे, त्या पिढीची ती गंमत होती. मीही हसले. त्या ओसरीवर पदवीधर असलेली मी एकटीच बाई होते.

त्या दाखल्याने काय केले ते मला फार उशिरा उमगले. ती लहानखुरी होती म्हणून खोटे वय खपले. खोटे वय खपले म्हणून तिचे लहानखुरे असणे झाकले गेले. वर्षाने धाकट्या मुलांच्या रांगेत ती पुढून दुसरी किंवा तिसरी उभी राहायची, आणि रांगेत कोणीतरी पुढे असणारच, असे म्हणून आम्ही मान हलवायचो. तिला स्वतःलाही दाखल्यावरचेच वर्ष ठाऊक होते. घरी आम्ही तिथीने, वैशाखात, तिला ओवाळायचो. शाळेच्या कागदावर एक जून. मध्ये जे काही दिवस पडत ते तिथी आणि तारखेच्या फरकाचे, अशी तिची समजूत होती, आणि आम्ही ती राहू दिली. ओवाळताना कोणी वर्षे मोजत नाही.

पाचवीनंतर इतर मुली भराभर वाढल्या आणि ही राहिली. बसमध्ये एकदा वाहकाने तिला न विचारता अर्धे तिकीट फाडून दिले. तिच्यासोबत वर्गातल्या दोघी होत्या. दुसऱ्या दिवसापासून तिचे नाव ‘अर्धं तिकीट’ पडले. तिने ते मला आठ महिन्यांनी सांगितले, तेही मी रागावल्यावर, आणि मी म्हणाले, “मग खात जा. खात नाहीस म्हणून ऐकावं लागतं.”

घरातला छळ मीच चालवला होता, हे लपवण्यात आता अर्थ नाही. रोज सकाळी तिला दाराच्या वरच्या लोखंडी गजाला लोंबकळायला लावायचे आणि शंभर आकडे मोजायचे. सत्तरला हात सुटला तर पहिल्यापासून. दुधात कसली कसली पावडर. दोन अंडी. शाळेतून आल्यावर दोरीवरच्या उड्या. तिने एकदा अंडे खिडकीतून खाली टाकले, ते एका शेजाऱ्याच्या गाडीवर पडले, तेव्हा मी तिला मारले. ज्या मुलीच्या शरीरात वाढीची किल्लीच बसवलेली नव्हती, तिला मी वाढत नाही म्हणून मारले. सासूबाई बाजूला भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मारून लांब व्हायला ते काय लोखंड हाय? आईच्या घराण्यात समदी बुटकीच. आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?” माझे वडील पावणेसहा फूट होते. मी ते बोलले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये शाळेने मला प्रवेशाच्या टेबलावर बसवले होते. कागद तपासायचे, जुळले तर पुढे पाठवायचे. निघोज्याहून सांगवीला राहायला आलेला एक कामगार मुलीचा हात धरून रांगेत होता. त्याच्या कागदांवर दोन तारखा होत्या. लसीच्या कार्डावर एक, दाखल्यावर तीन महिन्यांनी पुढची. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, “तारखेशी खेळ करू नये. मुलांच्या आयुष्याचा प्रश्न असतो.”

“मॅडम, मी शिकलेला न्हाई. जे दिलं ते आणलं.”

“शिकलेले नसाल तर शिकलेल्या माणसाला विचारायचं. हे घेऊन जा, दुरुस्त करून आणा.”

तो गेला. पुन्हा आला नाही. माझ्या आवाजात त्या दिवशी जी धार होती ती मला आवडली होती, हेही लिहून ठेवते.

पुढच्याच महिन्यात आम्ही मुलीला रावेतच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले. तिच्यात वयात येण्याची कोणतीच खूण दिसत नव्हती आणि सासूबाई येता-जाता तिच्या बरोबरीच्या मुलींची उदाहरणे देऊ लागल्या होत्या. त्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि चिंचवडच्या एका बाईंचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. मुलांची वाढ आणि हार्मोन्स हाच त्यांचा विषय होता.

त्या दवाखान्यात भिंतीवर जिराफाचे चित्र होते आणि त्याच्या मानेवर आकडे. बाकावरची बहुतेक मुले मांडीवर घेण्याच्या वयाची. आमची मुलगी त्यांच्यात बसली होती आणि तरीही विजोड दिसत नव्हती. ते तिच्याही लक्षात आले असावे, कारण ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

सिस्टरने तिला उंचीच्या पट्टीला उभे केले. “टाचा मागं. मान सरळ. श्वास घे.”

“सिस्टर,” माझे पती म्हणाले, “पट्टी शून्याला सेट आहे ना?”

“दादा, रोज तीस-चाळीस पोरं मोजते मी हिच्यावर.”

“म्हणूनच विचारतो. तीनदा रीडिंग घ्या. पट्टीवरून उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे खरं येतं.”

सिस्टरने तोंड वाकडे केले, पण तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकच आकडा आला. पतींना समाधान वाटले. त्यांच्या विभागात केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी माल परत जातो.

मग सिस्टरने फॉर्म भरायला घेतला आणि मुलीलाच विचारले, “वाढदिवस कधी असतो गं?”

“घरचा की शाळेचा?”

सिस्टरने वर पाहिले. पती हसले. “तिथी आणि तारीख हो, सिस्टर. आमच्याकडे दोन्ही करतात. हे घ्या आधारकार्ड.” त्यांनी प्रत पुढे सरकवली. सिस्टरने एक जून लिहिले, आणि पुढे ते वर्ष लिहिले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. कमी बोलणाऱ्या, पण तुटक नव्हेत. त्यांनी मुलीशी आधी गप्पा मारल्या, मग पडद्याआड तपासले, मग डाव्या हाताचा एक्स-रे काढायला खाली पाठवले. हातातल्या छोट्या हाडांवरून शरीराचे वय कळते, असे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. फोटो आल्यावर त्यांनी तो उजेडावर धरला, एका जाड पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिला, आणि वाढीच्या तक्त्यावर पेन्सिलीने एक ठिपका दिला. तक्त्यावर वाकड्या चढत्या रेषा होत्या. आमचा ठिपका सर्वांत खालच्या रेषेला टेकून बसला.

“बारा पूर्ण,” त्या म्हणाल्या. “हाडं अकराच्या आसपास आहेत. म्हणजे वर्षभर मागे. घरात कोणी उशिरा वाढलं होतं?”

“मी,” पती म्हणाले. “दहावीनंतर उंची घेतली मी. डॉक्टर, तोवर मला सगळे पिंट्या म्हणायचे.”

डॉक्टर हसल्या. “मग तसंच असू शकतं. वयात येण्याच्या खुणा नाहीत, पण मुलींच्या बाबतीत आपण तेरापर्यंत वाट पाहतो. आज ती तेरा पूर्ण असती, तर मी सगळ्या तपासण्या आत्ता लिहून दिल्या असत्या. गुणसूत्रांचीसुद्धा. आता उगाच तिला टोचायला नको. सहा महिन्यांनी या.”

तिला त्या दिवशी तेरा वर्षे आणि दोन महिने झाले होते.

वाक्य माझ्या ओठांवर होते: हे वय खरं नाही. ते चार शब्दांचे होते आणि त्यात एकही जोडाक्षर नव्हते. पतींचा हात आधारकार्डाच्या प्रतीवर होता. मुलगी डॉक्टरांच्या टेबलावरचा सांगाड्याचा प्लॅस्टिकचा हात उलटा करून पाहत होती. मला ते प्रवेशाचे टेबल आठवले, तो कामगार आठवला, आणि आपल्यालाही कोणीतरी असेच सर्वांसमोर बोलेल अशी भीती वाटली. मी पर्स उचलली.

घरी आल्यावर मुलगी खाली खेळायला गेली तेव्हा मी पतींना म्हणाले, “अहो, तेरा झालीत तिला.”

“मला माहीत नाही का?”

“डॉक्टर म्हणाल्या, तेरा असती तर...”

“डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने थांबा. सहा महिन्यांत काय आभाळ कोसळतंय? कंपनीच्या विम्यात एक तारीख, शाळेत तीच, आणि दवाखान्यात दुसरी लिहायची? उद्या कोणी चौकशी केली तर तू नोकरीला आहेस शाळेत, तुझीच अडचण.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “शिवाय तीनदा मोजली ना त्यांनी. मोजमाप चुकलेलं नाही.”

सहा महिन्यांनी कंपनीत ऑडिट होते आणि माझ्याकडे दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे होते. आम्ही गेलो नाही. गेलो ते पूर्ण एका वर्षाने. तोवर मुलगी तीन सेंटिमीटरसुद्धा वाढली नव्हती. गजाला लोंबकळणे मी बंद केले नव्हते.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी तक्त्यावर दुसरा ठिपका दिला आणि पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी त्याच दिवशी रक्त काढायला लावले. अहवाल यायला काही आठवडे लागले. मग त्यांनी आम्हा तिघांना बोलावले.

त्यांनी कोऱ्या कागदावर दोन काड्यांचे चित्र काढले आणि एक काडी अर्धवट खोडली. मुलींच्या पेशींत जी दोन गुणसूत्रे असतात, त्यांतले एक हिच्यात अपुरे आहे. हे जन्मापासूनचे आहे. यात कोणाचा दोष नाही, खाण्यापिण्याचा तर नाहीच नाही. उंची आपोआप फार वाढणार नाही. वयात येणेही आपोआप होणार नाही, त्याला औषधाची मदत लागेल. हृदय आणि कान तपासावे लागतील. बुद्धी उत्तम आहे, शिक्षणात काही अडणार नाही. पुढे मूल होणे बहुधा अवघड जाईल, पण ते बोलणे आपण पुढे सावकाश करू. हे सगळे त्यांनी मुलीकडे पाहत सांगितले, आमच्याकडे पाहून नव्हे.

“लहानपणी कान वाहायचे का?” त्यांनी मला विचारले.

“हो.”

“जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती?”

“हो.”

“कोणी काही म्हणालं नाही?”

“सुईण म्हणाली होती, अंगानं भरेल.”

त्यांनी ते लिहून घेतले. मग खुर्ची मुलीच्या बाजूला वळवली.

“ऐक. ही तपासणी मी गेल्या वर्षीच करायला हवी होती. तुला बारा झाली होती म्हणून मी थांबले. या औषधाला जितका लवकर वेळ मिळेल तितकं चांगलं असतं. ते एक वर्ष माझ्या निर्णयामुळे गेलं. मला त्याचं वाईट वाटतं. सॉरी.”

मी आजवर एवढे सरळ वाक्य कोणा मोठ्या माणसाने लहान मुलासमोर उच्चारलेले ऐकले नव्हते. मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. आता तरी मी बोलायला हवे होते. बोलले माझे पती.

“जाऊ द्या हो, डॉक्टर,” ते म्हणाले, “माणसाच्या हातून होतं.”

पतींनी डॉक्टरांना माफ केले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर औदार्य होते. ते नाटक करत नव्हते. कागदावरच्या तारखेवर त्यांचा इतक्या वर्षांत विश्वास बसला असावा, असे मला वाटते. आणि मी, जी विसरले नव्हते, ती त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसले. डॉक्टर मला म्हणाल्या, “तुम्ही पाणी घेता का?” मी घेतले.

जिन्यात मुलीने विचारले, “आई, त्यांच्यामुळे माझं एक वर्ष गेलं ना?”

“मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये.”

“त्याच म्हणाल्या.”

“आता औषध सुरू होईल,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी एकटी चिंचवडला गेले. मोठ्या नैतिक बळाने गेले असे नाही. औषधाचे प्रमाण आणि पुढच्या गोळ्यांची वेळ ठरवताना वय धरतात, असे त्या आदल्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, आणि चुकीच्या वयावर तिला काही अपाय झाला तर, एवढ्या एका भीतीने मला तिथवर ढकलले. त्यांच्यासमोर बसून मी ते चार शब्द उच्चारले. मग सगळेच सांगितले. ओसरी, एक जून, आधारकार्ड.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. फाइल उघडून त्यांनी तक्ता काढला. खोडरबर घेतले. दोन्ही ठिपके पुसले आणि एक एक घर उजवीकडे सरकवून पुन्हा दिले. आता ते कोणत्याच रेषेवर नव्हते. सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली, रिकाम्या जागेत पडले होते.

“ही पहिल्या दिवसापासून इथे होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आलात त्या दिवशी खरं वय सांगितलं असतंत, तर मला कळायला दहा मिनिटं लागली असती.”

“हो.”

“काल मी तिची माफी मागितली. तुम्ही समोर बसला होतात.”

“हो.”

“तुमचे मिस्टर मला म्हणाले, माणसाच्या हातून होतं.”

मी तक्त्यावरच्या पुसट डागांकडे पाहिले.

“तुम्ही शिक्षिका आहात ना?”

“मराठी शिकवते.”

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या अहवालातला आकडा अपेक्षेप्रमाणेच निघाला होता. मी विचारले, “आता किती वाढेल ती?”

“हे गेल्या वर्षी विचारलं असतंत तर मी याहून बरं उत्तर दिलं असतं. पाच-सहा वर्षांची असताना आणली असतीत तर आणखी बरं. आता हाडं बंद व्हायच्या आत जे मिळेल ते. रोज एक इंजेक्शन. एकही दिवस चुकवायचा नाही.” त्यांनी फाइलवर खरी तारीख लिहिली आणि खाली रेघ मारली. “मुलीला तुम्ही सांगायचं. मी आपणहून सांगणार नाही, तो माझा हक्क नाही. पण तिनं मला विचारलं, तर मी तिच्याशी खोटं बोलणार नाही.”

संध्याकाळी पतींना सांगितले. ते बूट काढत होते. “मूर्ख आहेस,” ते म्हणाले. “त्या बाईनं स्वतःहून चूक मान्य केली होती. विषय संपला होता.” मग बराच वेळ ते एकच बूट हातात धरून बसले.

सासूबाईंना गुणसूत्र वगैरे काही सांगितले नव्हते, पण घर लहान असते. त्यांनी जे ऐकले त्यातले त्यांना हवे तेवढे उचलले. दिवाणखान्यात, मुलगी अभ्यास करत असताना, त्या मला म्हणाल्या, “मंग आता हिला करून कोण घेणार? उंची न्हाई, लेकरू व्हणार न्हाई. सुया टोचून काय उपेग? ऱ्हाऊ दे की जशी हाय तशी.” मुलीने वहीचे पान उलटले. मी, नेहमीप्रमाणे, स्वयंपाकघरात गेले.

इंजेक्शन पेनसारखे असते. सुई बारीक. सिस्टरने मला संत्र्यावर शिकवले. औषध फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीशेजारी ठेवतो. रोज संध्याकाळी सात वाजता ती मांडीवरची जागा दाखवायची, काल उजवी तर आज डावी, आणि मी दहा आकडे मोजून सुई बाहेर काढायचे. गजाला लोंबकळताना मी तिचे आकडे मोजायचे, त्याची तिला आठवण होत असेल का, हे मी विचारले नाही. पहिले पाच आठवडे एकही दिवस चुकला नाही.

मग एके संध्याकाळी तिने पाय ओढून घेतला.

“नको मला.”

“एक दिवसही चुकवायचा नाही म्हणाल्यात डॉक्टर.”

“त्याच ना? ज्यांनी माझं वर्ष घालवलं?” ती अगदी शांतपणे बोलत होती, वर्गात उत्तर द्यावे तशी. “वर्गात मला काय म्हणतात तुला माहितीय. आजी काय म्हणते तेही माहितीय. ते सगळं त्या बाईमुळे. आता तीच म्हणते रोज टोच. तिचं औषध मी का घेऊ? तिला काय कळतं?”

“त्या चांगल्या डॉक्टर आहेत.”

“मग सॉरी का म्हणाल्या?”

माझ्यापाशी उत्तर होते. ते अजूनही आहे. मी सुईला टोपण लावले आणि पेन परत फ्रीजमध्ये ठेवले.

आज नववा दिवस आहे. पतींनी तिला समजावले, मग दटावले, मग नवा मोबाइल कबूल केला. ती बधली नाही. डॉक्टरांवरचा तिचा राग उतरल्याशिवाय ती औषध घेणार नाही, आणि तो राग माझ्यावर आणल्याशिवाय डॉक्टरांवरून उतरणार नाही. हाडे मात्र कोणासाठी थांबत नाहीत; दर महिन्याला थोडी थोडी बंद होत जातात. मी तिला सांगितले, तर तिचा डॉक्टरांवर विश्वास बसेल. पण सुई डॉक्टर टोचत नाहीत. पुढची तीन-चार वर्षे, रोज संध्याकाळी सात वाजता, ती मीच टोचायची आहे.

लेखनाचा अनुभव नसल्यामुळे शेवट कसा करावा ते मला कळत नाही. म्हणून वाचणाऱ्यांनाच विचारते. तुम्ही माझ्या मुलीच्या जागी असता आणि हे सगळे तुम्हाला कळले असते, तर माझ्या हातून सुई टोचून घेतली असती का?